मेलेली माणसं एक दिवस उठणार, असं मानणाऱ्यांशी तुम्ही काय बोलता?

शेवग्याची_शेंग

ऑफिसातल्या एकाचे वडील गेले. वसईचे, कॅथलिक कुटुंब. ग्रुपवर नेहमीसारखा हात जोडलेल्या इमोजींचा पूर आला, एकाने लिहिलं 'ईश्वर मृतात्म्यास मोक्ष देवो', तर त्यावर या पठ्ठ्याने दोन दिवसांनी शांतपणे उत्तर टाकलं की बाबांना मोक्ष नकोय रे, त्यांना उठायचंय. पुढे हसरी स्मायली. ग्रुप एकदम गार. हसावं की काय करावं कोणालाच कळेना.

नंतर जेवताना मी विचारलं तर म्हणाला मस्करी नव्हती, आम्ही दर रविवारी चर्चमध्ये म्हणतो, शरीराचं पुनरुत्थान. नुसता आत्मा नाही, शरीर. मी इतकी वर्षं समजत होतो की यांच्यात माणूस मेला की आत्मा वर, चांगला वागला तर स्वर्ग नाहीतर नरक, खेळ खल्लास. येशू उठला हे माहीत होतं, पण सगळेच उठणार हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. पुढे काय बोलावं सुचेना म्हणून मी डबा पुढे केला.

तर इथल्या ख्रिस्ती सभासदांना विचारतो, हे शब्दशः मानता का? आणि बाकीच्यांना, असं कोणी तोंडावर म्हणालं तर तुम्ही काय करता? वाद घालता, हसून सोडता की विषय बदलता? धर्मांतर, मिशनरी वगैरे प्लीज नको, त्याचे धागे ढिगाने आहेत.

बंब_पेटला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी नक्की.

दोन_डोकी

मी सरळ सांगतो की मला हे पटत नाही. पण दुःखात असलेल्या माणसाला सांगत नाही, तेवढी अक्कल आहे. चर्चेत विचारलंत म्हणून लिहितो.

मार्कचं शुभवर्तमान चारांत सगळ्यात जुनं मानतात. त्याच्या चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस, गोष्ट १६व्या अध्यायाच्या ८व्या ओवीला संपते. बायका कबरीपाशी जातात, कबर रिकामी, एक तरुण सांगतो तो उठलाय, आणि त्या घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. संपलं. उठलेला येशू कोणाला दिसलाच नाही त्यात, पुढच्या ओव्या नंतर जोडलेल्या आहेत हे ख्रिस्ती अभ्यासकही मान्य करतात. मग मत्तय, लूक, योहान असं पुढे जाल तसं वर्णन वाढत जातं, हात लावून बघा, जखमेत बोट घाला वगैरे. अशी गोष्ट वाढत जाताना आपण आपल्याकडे कमी बघितली आहे का?

आणि येशूबद्दल समजा सोडून दिलं तरी बाकी सगळ्यांचं काय. मेंदूला काही मिनिटं ऑक्सिजन नाही मिळाला की माणूस गेला, दोन हजार वर्षांपूर्वी कुजून गेलेल्याचे अणू तर आज कुठल्या भातात आणि कोणाच्या पोटात असतील.

नगरी_तडका

दोन_डोकी, अभ्यास करून लिहिलंय म्हणून बरं वाटलं, नाहीतर इथे लोक यूट्यूब बघून येतात. पण एक सोडलंत. मार्कच्याही आधीचा कागद आहे, पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, इ.स. ५०च्या दशकातलं. त्याच्या १५व्या अध्यायात तो यादीच देतो, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, बारा जणांना दिसला, मग पाचशेहून जास्त लोकांना एकदम दिसला आणि त्यातले बरेच अजून जिवंत आहेत म्हणतो, म्हणजे जा विचारा. आणि हे मलाही मिळालं तेच तुम्हाला दिलं असं म्हणतो, म्हणजे यादी त्याच्याही आधीची. त्यामुळे गोष्ट हळूहळू फुगली हे इतकं सरळ नाही. पुरावा झाला असं म्हणत नाहीये मी.

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर, लोक काय करतात, ते तर बायबलातच आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७. पौल अथेन्सला अरियपग नावाच्या टेकडीवर बोलतोय, समोर सगळी विद्वान मंडळी, एपिकूरपंथी, स्तोईक. देव एक आहे, मूर्तीत राहत नाही, इथपर्यंत निवांत ऐकतात. मेलेल्यांचं उठणं म्हटल्याबरोबर काहींनी थट्टा केली, काही म्हणाले याबद्दल पुन्हा कधीतरी ऐकू, आणि थोडे जण विश्वास ठेवून मागे गेले. माझ्या कंपनीतही हेच तीन गट आहेत. 'पुन्हा कधीतरी ऐकू'वाले सगळ्यात जास्त.

आणि हो, मी नगरचा, प्रोटेस्टंट, चौथी पिढी. शब्दशः मानतो. आमच्याकडे कार्डावर ख्रिस्तवासी लिहितात. ईस्टरची पहाटेची भक्ती आमची मंडळी कबरस्थानातच करते, अंधारात थंडीत चटया टाकून आपापल्या माणसांच्या शेजारी बसायचं आणि उजाडताना गायचं. लहानपणी भीती वाटायची, आता त्या दिवशी दुसरीकडे कुठे जावंसं वाटत नाही.

पाषाणभेद_पुणे

मी हिंदू, श्रद्धाळू. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही पण पचतही नाही, आणि का पचत नाही यावर मी बराच विचार केलाय. आपल्याकडे सगळा आटापिटा कशासाठी, तर शरीरातून सुटायला. गीता म्हणते जुने कपडे टाकून नवे घालावे तसं आत्मा देह बदलतो, म्हणजे देह हा कपडा, त्यात जीव कशाला अडकवायचा. जन्ममरणाचा फेरा चुकला की जिंकलात. आणि यांचं म्हणणं नेमकं उलटं, देवाने देह बनवला, चांगला बनवला, तो परत मिळणार, तोही कायमचा. आपण ज्याला शिक्षा म्हणतो ते यांचं बक्षीस. मग आपण 'मोक्ष देवो' म्हटल्यावर त्या मुलाला हसू येणारच की.

गवती_चहा

@पाषाणभेद_पुणे सगळ्यांचा आटापिटा सुटण्यासाठी कुठे असतो हो? वारकऱ्यांचं बघा की. 'हेंचि दान देगा देवा' तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, त्यात तुकोबा मुक्ती नको म्हणतात, खुशाल परत गर्भवासात घाल म्हणतात, फक्त संतसंग दे. आणि देहूला बीजेला लाखो लोक कशासाठी जमतात? तुकोबा सदेह वैकुंठाला गेले म्हणून. सदेह! देह इथे टाकून नाही. आळंदीत माउलींची समाधी संजीवन. माझी आजी आळंदीला गेली की हळू बोलायची, आत माउली बसलेत म्हणून. तिला जर कोणी म्हटलं असतं की येशूची कबर रिकामी सापडली, तर तिने 'असेल बाई' म्हणून पुढची पोळी लाटली असती. हे सगळं अशक्य वाटायला लागतं ते आपल्यासारख्या कॉलेजात गेलेल्यांना.

बंब_पेटला

आता कोणीतरी येणार, वैकुंठ की खून.

गवती_चहा

येऊ दे, त्याचा धागा वेगळा आहे, तिकडे पाठवा.

दोन_डोकी

गवती_चहा यांचा मुद्दा मान्य. मी देहूला आणि जेरुसलेमला एकच माप लावतो, दोन्हीकडे नाही म्हणतो. माझा राग त्यांच्यावर, जे शेजाऱ्याच्या चमत्काराला हसतात आणि स्वतःच्याला हात जोडतात.

पाचूबंदरची_पोर

फरक आहे थोडा पण. तुकोबा गेले ते गेले. येशू परत आला आणि जेवला. लूक २४ वाचा, शिष्यांना भूत वाटलं तर त्याने विचारलं खायला काय आहे, त्यांनी भाजलेल्या मासळीचा तुकडा दिला आणि तो त्यांच्यासमोर खाल्ला. आम्हा कोळ्यांना हा उतारा फार आवडतो. कुठली मासळी ते लिहिलेलं नाही.

मी वसईची, कॅथलिक. मानते का विचाराल तर रोज सकाळी उठून मानत नाही, मयताला गेल्यावर मानते. खरं सांगायचं तर आमच्यातलेही निम्मे लोक तुमच्यासारखंच समजतात, आत्मा वर गेला, सुटला. शरीराचं कोणाच्या लक्षातही नसतं. आमच्या घरात लक्षात आलं ते काकी गेली तेव्हा.

एप्रिल २०२१. कोविड. हॉस्पिटलातून थेट विद्युतदाहिनी, घरचे दोघं लांब उभे. आमच्यात तोवर कोणालाच जाळलं नव्हतं. आजी रडली नाही, तिने एकच धरलं, आता ती उठणार कशी. जेवायला बसली की तेच, झोपताना तेच. माझ्या भावाने तिला गुगल करून सांगितलं की चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे, ती म्हणाली परवानगीचं काय घेऊन बसलास, उठणार कशी ते सांग.

मग फादर आले, अंगणातच उभे राहिले मास्क लावून, आत यायची सोय नव्हती. त्यांनी आजीला तिच्या भावाचं विचारलं, जो तरुणपणी बोटीवरून वादळात गेला आणि सापडलाच नाही. म्हणाले तो उठणार ना? आजी म्हणाली म्हणजे काय, उठणारच. तर म्हणाले समुद्रातून ज्याला उठवता येतं त्याला राखेचं काय कठीण. प्रकटीकरणात आहे, समुद्राने आपल्यातले मेलेले परत दिले. आजी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी घेऊन बसली नाही पण जेवली तरी नीट.

राख घरी ठेवायची नाही, विसर्जन करायचं नाही, वाटून घ्यायची नाही, पवित्र जागी एकत्र ठेवायची, असं रोमने २०१६ मध्ये लेखी सांगितलं होतं. त्यामुळे कलश आजोबांच्या कबरीत ठेवला. ती उघडली तेव्हा आजोबांची हाडं एका बाजूला केली, त्यात त्यांच्या हाताला गुंडाळलेल्या जपमाळेचे मणी होते, काळे, जसेच्या तसे, तार मात्र गंजून गेलेली. आजीने मणी मोजून परत आत टाकायला लावले. एकोणसाठ भरले नाहीत म्हणून गुरवाला, सॉरी, कबर खणणाऱ्याला परत शोधायला लावलं.

शेवग्याची_शेंग

हे वाचून काय लिहावं कळत नाही. थँक्यू.

कोकणी_मुसाफिर

दहनाचा प्रश्न आम्हा मुसलमानांनाही त्या काळात फार लागला होता. ३० मार्च २०२०ला मुंबई महापालिकेचं परिपत्रक निघालं की धर्म कुठलाही असो, कोविडचा मृतदेह जाळायचाच, आणि काही तासांत मागे घेतलं. ते काही तास आमच्या घरात कसे गेले ते आठवतात. कयामतच्या दिवशी सगळे उठणार हे आम्हीही मानतो, देहासकट. त्यामुळे मला या धाग्यात चमत्कारिक काही वाटत नाही, आमचा फरक एवढाच की ईसा क्रूसावर मेले असं आम्ही मानत नाही. अल्लाने त्यांना उचलून घेतलं.

बंब_पेटला

मग ती काश्मीरची कबर?

कोकणी_मुसाफिर

रोजाबल, श्रीनगर. येशू तिथे येऊन म्हातारा होऊन मेला हा दावा मिर्झा गुलाम अहमद यांनी १९व्या शतकाच्या शेवटी केला, अहमदिया जमातीचा तो विश्वास आहे, बाकीच्या मुसलमानांचा नाही. पुढे युरोपातल्या लोकांनी पुस्तकं काढून त्याचा धंदा केला. म्हणजे बघा, येशू उठला म्हणणारे, उचलला म्हणणारे आणि श्रीनगरला पुरला म्हणणारे, तिघांनाही तो जेरुसलेमच्या कबरीत नकोय.

दादरकर_जुना

जाळलं तर उठणार कसं, हा प्रश्न आजीचाच नाही हो, शत्रूंनीही तोच विचार केला होता. इ.स. १७७, आजच्या फ्रान्समधलं लियों शहर. तिथल्या ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं, प्रेतं सहा दिवस उघड्यावर टाकली, मग जाळली आणि राख रोन नदीत लोटली. का, तर यांची पुन्हा उठायची आशाच राहू नये, बघू यांचा देव आता काय करतो. युसेबियसने आपल्या इतिहासात तिथल्या मंडळीचं पत्रच दिलंय. थट्टा करणाऱ्यांचं तर विचारू नका, सेल्सस नावाचा दुसऱ्या शतकातला पंडित म्हणायचा ही तर किड्यांना शोभणारी आशा आहे, सडलेलं शरीर कोणाला परत हवंय.

आणि एक गंमत बघा. शरीर जपलं तरच उठणार असं काही नाही हे आपल्या मुंबईतच दिसतं. पारशी लोकही शेवटी सगळे मेलेले उठतील असं मानतात, ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून, आणि देह देतात कोणाला, तर डुंगरवाडीवर गिधाडांना. आता गिधाडंच उरली नाहीत हा वेगळा प्रॉब्लेम.

तिरफळ

जुन्या गोव्यातल्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शव ठेवलंय ते याचसाठी ना? की अख्खं शरीर उठावं? मी गेल्या शवप्रदर्शनाला रांगेत उभी होते, नोव्हेंबर २०२४, मागच्या बाई तसंच सांगत होत्या.

पाचूबंदरची_पोर

नाही गं. ते अवशेष म्हणून पूज्य. अख्खं असण्याची अट असती तर सेंट झेवियरचं कठीण होतं, त्यांचा उजवा हात रोममध्ये आहे, १७व्या शतकातच कापून नेलाय.

पाषाणभेद_पुणे

एक आकडा टाकतो, बघा पटतोय का. प्यू रिसर्चने २०१९-२० मध्ये भारतभर सुमारे ३०,००० लोकांना धर्माबद्दल विचारलं होतं, अहवाल २०२१ला आला. त्यात भारतातले २९ टक्के ख्रिश्चन म्हणाले की आम्ही पुनर्जन्म मानतो. कर्म मानणारे ५४ टक्के. आणि पुनर्जन्म मानणारे हिंदू फक्त ४० टक्के! म्हणजे मी वर जे 'आपण' आणि 'ते' असं केलं ते जमिनीवर तितकंसं खरं नाही.

नगरी_तडका

२९ टक्के मला कमीच वाटतात. आमच्या मंडळीत दोन आज्या ठामपणे सांगतात की नातू म्हणजे आजोबाच परत आलेत, आणि रविवारी त्याच विश्वासांगिकार, तोच शरीराच्या पुनरुत्थानाचा, खणखणीत म्हणतात. पाळक ऐकून सोडून देतात.

कॅथलिक मंडळींचं २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करणं मात्र आम्हाला पटत नाही, सॉरी पाचूबंदर. मेल्यावर निकाल लागलेला असतो, आता प्रार्थना करून काय होणार.

पाचूबंदरची_पोर

तुमचा निकाल लागत असेल, आमचा शुद्धीस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो तिथे, जरा पेंडिंग असतो. त्या दिवशी या वसईला, कबरी धुवून झेंडूने भरलेल्या असतात, फादर पाणी शिंपडत फिरतात, आणि आमची हिंदू शेजारीणही मेणबत्ती लावून जाते काकीला. तिला जाऊन सांगा काय होणार ते.

टोरंटोची_थंडी

शांत वाचत होते, पण आता विचारतेच. मी हिंदू, नवरा पुण्याचा ख्रिश्चन, लग्नाला बरीच वर्षं झाली. माझी आई गेल्या वर्षी गेली. मुलगी आठ वर्षांची, संडे स्कूलमधून येऊन विचारते, आजी उठणार का, ती तर चर्चला जात नव्हती. नवऱ्याने विषय बदलला. मला तेव्हा इतका राग आला, धर्माचा नाही, त्याचा. पुरावा वगैरे मला नकोय, या प्रश्नाचं उत्तर काय देतात तुमच्यात?

पाचूबंदरची_पोर

आमच्यात याचं उत्तर लिहिलेलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६४चा दस्तऐवज, लुमेन जेन्शियम, परिच्छेद १६. ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त कळला नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाने वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. आणि चर्चबाहेरच्या कोणाचंच तारण नाही असं हट्टाने शिकवणाऱ्या बोस्टनच्या फादर फीनींना रोमनेच १९५३ मध्ये बहिष्कृत केलं होतं. मुलीला बिनधास्त सांग, आजी उठणार आणि आल्या आल्या तुझे केस विंचरणार.

नगरी_तडका

मी खोटं बोलणार नाही, आमच्यातले बरेच जण इतकं मोकळं उत्तर देणार नाहीत. योहान १४:६ दाखवतील, 'माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही'. मला स्वतःला विचाराल तर न्याय करणं माझं काम नाही, तुमच्या आईचा तर नाहीच. पण तुमच्या नवऱ्याने विषय बदलला तो तिला कमी लेखून नसेल, त्याला ते कडक उत्तर लहानपणापासून पाठ असेल आणि ते मुलीसमोर तोंडातून काढवत नसेल. एकदा त्यालाच बसवून विचारा.

दोन_डोकी

मी नास्तिक, तरी सांगतो, मुलीला पाचूबंदरवालं उत्तर द्या. मोठी झाली की माझ्याकडे पाठवा.

टोरंटोची_थंडी

विचारलं काल. नगरी_तडका बरोबर होते, जवळजवळ शब्दशः. बराच वेळ बोललो. तो म्हणाला तुझ्या आईशिवाय मला तिथे करमणार आहे का.

आता सासऱ्यांचा प्रश्न. त्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली, दुसरी माझी सासू, तीही गेली. एकाच कबरस्थानात शेजारी शेजारी. सासरे फोनवर अगदी गंभीरपणे विचारत होते की उठल्यावर मी कोणाचा?

नगरी_तडका

हा प्रश्न खुद्द येशूला विचारून झालाय, मार्क १२. सदूकी नावाचा यहुद्यांचा एक पंथ पुनरुत्थान मानत नव्हता, त्यांनी त्याला अडकवायला गोष्ट रचली, सात भावांनी एकामागून एक एकाच बाईशी लग्न केलं, उठल्यावर ती कोणाची. येशू म्हणाला तिथे लग्न करत नाहीत आणि करून देतही नाहीत.

टोरंटोची_थंडी

वाचून दाखवलं सासऱ्यांना. म्हणाले, मग ठीक आहे, दोघींची ओळख मी करून देतो.